‘सांगली’ टाकलं तर काहीच येत नाही: पहिल्या वर्षाच्या मुलांना ग्रंथालयात शोधायला शिकवायचं म्हणजे काय?

जुलैचा शेवटचा आठवडा होता. बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा देवघेवीच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. वाळवा तालुक्यातला. सरांनी पत्री सरकारवर चार पानं लिहून आणायला सांगितली होती आणि अर्धा तास तो कॅटलॉगच्या संगणकाशी झटत होता. म्हणाला, "मॅडम, सांगली आणि स्वातंत्र्यलढा टाकलं तर काय बी येत न्हाई. आपल्याकडं पुस्तकंच न्हाईत वाटतं."

पुस्तकं होती. त्याच्या पाठीमागच्याच कपाटात सात-आठ होती. पण त्यांच्या नावांत ‘सातारा’ होतं.

क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता चालवलेलं समांतर सरकार (त्यालाच लोक पत्री सरकार म्हणत), उभं राहिलं तेव्हा वाळवा तालुका सातारा जिल्ह्यात होता. सांगली हे एका संस्थानाचं नाव होतं, जिल्ह्याचं नव्हतं. प्रतिसरकारचं मोठं केंद्र असलेलं कुंडल तर औंध संस्थानात. १९४९ मध्ये जुन्या साताऱ्याचा दक्षिण भाग आणि विलीन झालेली संस्थानं मिळून नवा जिल्हा झाला, त्याचं नाव ‘दक्षिण सातारा’. ‘सांगली जिल्हा’ हे नाव १९६० मध्ये आलं. म्हणजे त्या मुलाच्या गावावरनं जिल्ह्याची तीन नावं गेली आणि तो त्यातलं शेवटचं धरून १९४३ सालचा इतिहास शोधत होता.

मुलगा हुशार होता, कष्टाळू होता. त्याला हे कुणी शिकवलेलं नव्हतं, इतकंच. मी बरीच वर्षं या दोन जिल्ह्यांतल्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत काम करते आहे आणि दर जुलैत मला असे पन्नास-साठ जण भेटतात. आता नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांची पदवी आली. २०२४-२५ पासून आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांतही ती लागू झाली. फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग, चौथ्या वर्षी हवं असेल तर संशोधन प्रकल्प, असं बरंच काही मुलांपुढे आहे. पालक विचारतात, "लायब्ररीत आणखी काय शिकायचंय? पुस्तक घ्यायचं नि परत द्यायचं." हा लेख त्यांच्यासाठी, आणि त्या मुलांसाठीही.

आधी नाव सांगते, मग ते बाजूला ठेवू

या कौशल्याला आमच्या व्यवसायात ‘माहिती साक्षरता’ म्हणतात. १९७४ मध्ये पॉल झुरकोव्स्की या अमेरिकन गृहस्थांनी हा शब्द वापरात आणला. अर्थ साधा आहे: आपल्याला नेमकं काय हवंय हे ठरवता येणं, ते कुठं असेल ते ओळखता येणं, हाती आलेल्यावर किती विसंबायचं हे पारखता येणं, आणि ते कुठून घेतलं हे प्रामाणिकपणे सांगता येणं.

बहुतेक कॉलेजांत यासाठी जुलैत एक ‘ग्रंथालय परिचय’ असतो. ऐंशी मुलं वीस मिनिटांत आत येतात, दोन पुस्तकं सात दिवस, उशीर झाला तर दंड, बॅग बाहेर ठेवा, मोबाइल बंद ठेवा, एवढं ऐकून बाहेर पडतात. ते सांगावं लागतंच. पण नवख्या माणसाला स्वारगेटला नेऊन फलाट दाखवले, तिकीट कुठं मिळतं ते सांगितलं आणि गाडीवरची पाटी वाचायला मात्र शिकवलं नाही, तर तो साताऱ्याला पोचेलच असं नाही.

पुस्तकाचा पत्ता

पुस्तकाच्या पाठीवर खाली एक चिठ्ठी असते, तिच्यावर आकडे. मुलांना तो पुस्तकाचा हजेरी क्रमांक वाटतो. तो खरं तर पत्ता आहे. मेल्विल ड्युई यांनी १८७६ मध्ये सगळ्या ज्ञानाचे दहा भाग पाडले, प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा. जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर, तसंच. ६०० म्हणजे तंत्र आणि उपयोजित शास्त्रं, त्यात ६३० शेती, त्यात ६३३ शेतातली पिकं, आणि ६३३.६१ म्हणजे ऊस. याला वर्गांक म्हणतात. वर्गांक कळला की फायदा असा की शेजारची पुस्तकंही तुमच्याच विषयाची असतात. एक शोधायला जावं आणि तीन सापडावीत.

पण इथंच एक गंमत आहे आणि ती मी मुलांना दरवर्षी मुद्दाम दाखवते. "ऊस" म्हणून विचारलं तर मी विचारते, "उसाचं काय?" लागण, खत, पाणी हवं असेल तर ६३३.६१. साखर कशी तयार होते ते हवं असेल तर ६६४.१, कारण ते अन्नतंत्रज्ञान. कारखान्याचे सभासद, निवडणुका, सहकार असं काही असेल तर ३३४, म्हणजे अर्थशास्त्राच्या बाजूला, थेट दुसऱ्या भिंतीला. शेतात ऊस एकच, पण ग्रंथालयात त्याला तीन घरं. पहिल्या घरी भेटला नाही म्हणून परत फिरणारी मुलं मी रोज बघते.

आणखी एक सांगायलाच हवं. ही मांडणी अमेरिकेत झाली. त्यामुळे इंग्रजी, जर्मन, फ्रेंच साहित्याला सुटसुटीत तीन आकडी घरं मिळाली आणि मराठी साहित्याला ८९१.४६ हा कोपरा. आपल्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये ‘कोलन’ ही स्वतःची पद्धत मांडली. बहुतेक कॉलेजांत मात्र ड्युईच चालते. मुलांनी हेही जाणून घ्यावं की पुस्तकं लावण्याची पद्धतसुद्धा कुणीतरी, कुठंतरी बसून ठरवलेली असते.

विषय घेऊन आलात, प्रश्न घेऊन या

एसटीच्या चौकशी खिडकीत "गाडी आहे का?" असं कुणी विचारत नाही. कुठली, किती वाजताची, हे सांगतो. ग्रंथालयात मात्र मुलं "पुरावर काहीतरी द्या" म्हणतात.

सांगलीचा महापूर हा विषय झाला. त्याचा प्रश्न करायचा तर थोडं थांबून स्वतःशी बोलावं लागतं. कुठल्या सालचा, २००५, २०१९ की २०२१? पाणी का चढलं हे हवंय, की उतरल्यावर लोकांचं काय झालं हे? शहर की नदीकाठची गावं? "२०१९ च्या पुरानंतर पलूस तालुक्यातल्या दूध देणाऱ्या जनावरांचं काय झालं?" हा प्रश्न झाला. त्याला उत्तर शोधता येतं, आणि मिळालं नाही तर काय मिळालं नाही हे तरी सांगता येतं. एका मुलीनं हाच प्रश्न घेतला होता, कारण तिच्या घरच्या दोन म्हशी गेल्या होत्या. पुस्तक मिळालं नाही. पशुसंवर्धन खात्याची आकडेवारी आणि गावातल्या डेअरीचं रजिस्टर यावर तिनं अकरा पानं लिहिली. त्या वर्षीचं मला आठवणारं ते सगळ्यात चांगलं काम.

शब्दांची यादी

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथं द्यायला हवा. कॅटलॉग असो, शोधगंगा हे प्रबंधांचं ऑनलाइन भांडार असो की गुगल, यंत्र तुमच्या मनातला अर्थ जाणत नाही, ते मुख्यतः तुम्ही टाकलेल्या शब्दांवर चालतं. त्यामुळे शोध सुरू करण्याआधी कागदावर शब्द लिहायचे: लोक काय म्हणतात, पुस्तकात काय म्हणतात, पूर्वी काय म्हणत होते, इंग्रजीत काय म्हणतात.

हळदीचं घ्या. आपण हळद म्हणतो, बाजाराच्या इंग्रजी अहवालात टर्मेरिक, वनस्पतिशास्त्राच्या निबंधात कुरकुमा लाँगा. तिसरा शब्द ठाऊक नसेल तर शास्त्रज्ञांनी लिहिलेलं निम्मं तुमच्या जाळ्यात येणारच नाही. कर्नाटकातल्या त्या धरणाचं नाव मराठीत कुणी अलमट्टी लिहितं, कुणी आलमट्टी. दोन्ही टाकून बघावं लागतं. धरणामागं पाणी तुंबतं त्याला आपल्याकडचे लोक फुगवटा म्हणतात, सरकारी कागदात ‘बॅकवॉटर’ असतं.

कधी तज्ज्ञच शब्द बदलतात. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जगभर अभ्यासला गेला. जुन्या निबंधांत अशा भूकंपाला ‘रिझर्व्हायर इंड्यूस्ड’ म्हटलेलं दिसतं, नंतरच्यांत ‘रिझर्व्हायर ट्रिगर्ड’. बदलाला कारण आहे: जलाशयानं भूकंप ‘घडवला’ असं म्हणण्यापेक्षा जमिनीत आधीच साठलेल्या ताणाला त्यानं ‘निमित्त’ दिलं, असं शास्त्रज्ञांना म्हणायचं आहे. शब्द शोधता शोधता मुलाला विषयातला वादच सापडतो. म्हणून मी या यादीला नुसती तयारी मानत नाही, अभ्यास तिथूनच सुरू होतो.

शब्द जमले की ते जोडायचे. बहुतेक शोधयंत्रांत तीन जोडशब्द इंग्रजीत टाकता येतात. ‘अँड’ टाकलं तर दोन्ही शब्द असलेलंच येतं, शोध आवळतो. ‘ऑर’ टाकलं तर कुठलाही एक असला तरी येतं, शोध पसरतो. ‘नॉट’ नको ते वगळतं. त्या वाळव्याच्या मुलासाठी आम्ही जोडणी केली ती अशी: सातारा ऑर दक्षिण सातारा ऑर औंध, आणि त्याला अँड करून पत्री सरकार ऑर प्रतिसरकार. यादी पडद्यावर उतरली तेव्हा तो कितीतरी वेळ तिच्याकडे बघत होता.

हळकुंड मोडून बघायचं

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापारी नुसत्या वरच्या रंगावर बोली लावत नाही. हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो. हाती आलेल्या मजकुराचंही तसंच करायचं असतं. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कशासाठी लिहिलं, आणि कशाच्या आधारावर?

पुन्हा महापूर घेऊ. ऑगस्ट २०१९ ची वर्तमानपत्रं त्या दिवशी काय दिसलं ते सांगतात. आयर्विन पुलावरची पातळी, बोटी, अडकलेली माणसं यांसाठी त्यांच्यासारखं साधन नाही. पूर का आला याचं उत्तर मात्र पाण्यातून बातमी देणाऱ्याकडं मागू नये. त्यासाठी राज्य सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अभ्यासगटाचा २०२० चा अहवाल आहे. अलमट्टीची पाणीपातळी ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याला कृष्णा पाणीतंटा लवादानं २०१० मध्ये परवानगी दिली, त्या निवाड्याचे कागद आहेत. आणि त्याला विरोध करणाऱ्या नदीकाठच्या लोकांचं म्हणणंही आहे. यांतला कुठलाही कागद खोटा म्हणून टाकायचा नाही आणि कुठलाही एक घेऊन निकाल लावायचा नाही. प्रत्येकाच्या शेजारी, हा कुणाच्या बाजूनं बोलतोय, हे पेन्सिलीनं लिहायचं.

जुन्या पुस्तकांनाही हेच लागू. इंग्रजांनी १८८५ मध्ये काढलेलं सातारा जिल्ह्याचं गॅझेटिअर पिकं, बाजार, नद्या यांसाठी सोन्यासारखं आहे. माणसांची आणि जातींची वर्णनं मात्र राज्यकर्त्याच्या नजरेनं केलेली आहेत, तशीच उतरवून घेतली तर ती नजरही आपल्या वहीत येते.

संशोधन नियतकालिकांत छापण्याआधी लेख त्याच विषयाच्या इतर जाणकारांकडे तपासायला जातो. याला तज्ज्ञ-परीक्षण म्हणतात. त्यातूनही चुका सुटतात, पण कुणीतरी हळकुंड आधी एकदा मोडून बघितलेलं असतं.

वेबसाइटच्या बाबतीत एक युक्ती फार उपयोगी आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ मध्ये एक अभ्यास झाला. दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि पंचवीस विद्यार्थी यांना अनोळखी वेबसाइट पारखायला दिल्या. विद्यार्थी, आणि कित्येक इतिहासकारही, ते पान वरपासून खालपर्यंत वाचत राहिले आणि देखण्या लोगोला फसले. तपासनीसांनी ते पान लगेच सोडलं आणि दुसऱ्या खिडकीत, ही संस्था कोण, तिच्याबद्दल इतर काय म्हणतात, ते पाहिलं. लग्न ठरवताना आपण नुसता बायोडेटा वाचत बसत नाही, त्या गावातल्या पाहुण्यांकडं चौकशी करतो. अगदी तेच.

संदर्भ देणं म्हणजे फेरफार दाखवणं

"मॅडम, शेवटी ती पुस्तकांची यादी कशाला?" हा नेहमीचा प्रश्न. जमीन घेताना सातबारा बघतो. त्यावर फेरफार क्रमांक असतो. तो धरून मागं गेलं की जमीन कुणाकडून कुणाकडं कशी आली ते कळतं. संदर्भ म्हणजे लेखातल्या विधानाचा फेरफार. वाचणाऱ्याला शंका आली तर त्याला मूळ जागी जाऊन बघता आलं पाहिजे.

दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून दिलं की ते वाङ्मयचौर्य. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत प्रबंध-शोधनिबंधांसाठी दुसऱ्यांच्या मजकुराशी असलेल्या साम्याच्या पायऱ्या ठरवल्या आहेत: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, पुढं ४० आणि ६० टक्क्यांच्या टप्प्यांवर शिक्षा वाढत जाते. पण पहिल्या वर्षाच्या मुलाला टक्केवारीची भीती घालून काही साधत नाही. बहुतेक मुलं चोरी म्हणून उतरवत नाहीत. शाळेत दहा वर्षं ‘जसंच्या तसं लिहिलं की पूर्ण मार्क’ हेच शिकलेली असतात. त्यांना पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगायला लावायचं, मग लिहायला.

"मोबाइलवर सगळं मिळतं की"

पुष्कळ मिळतं, मीही वापरते. पण गावच्या वाचनालयातली जुनी नियतकालिकं, स्थानिक स्मरणिका, कारखान्यांचे वार्षिक अहवाल यांतलं बरंचसं अजून कागदावरच आहे. जे ऑनलाइन आहे त्यातलंही बरंच पैसे भरल्याशिवाय उघडत नाही.

आणि आता मुलं थेट एआयला विचारतात. समजावून घ्यायला ते चांगलं साधन आहे, पण ते पुस्तकांची आणि निबंधांची नावं रचूनही देतं, तीही खरी वाटावीत अशी. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलर दंड केला, कारण त्यांनी चॅटजीपीटीनं दिलेले सहा खटले अर्जात घातले होते आणि ते खटले कधी झालेलेच नव्हते. मोठमोठे वकील फसतात तिथं अठरा वर्षांच्या मुलाला काय बोलायचं? माझ्याकडं अशी यादी आली की मी रागावत नाही. यादीतलं पहिलं पुस्तक आपण दोघं मिळून शोधू म्हणते. ते सापडत नाही तेव्हा मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो, आणि मग तो धडा विसरत नाही.

"आपल्या कॉलेजात आहेच काय?"

पुण्या-मुंबईइतकं नाही हे खरं. पण आहे ते वापरलं जात नाही, हे जास्त दुखतं. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’वर कुणालाही फुकट वाचता येतात, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातलेही. आपल्याच कारखान्यांवर, आपल्याच दुष्काळी तालुक्यांवर लिहिलेले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘एन-लिस्ट’ ही योजना कॉलेजांना ई-पुस्तकं आणि नियतकालिकं पुरवते. कॉलेज सभासद असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन मागून घ्या. आयआयटी खरगपूरनं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय सगळ्यांना खुलं आहे.

‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना बातम्यांत होती. केंद्रीय मंत्रिमंडळानं नोव्हेंबर २०२४ मध्ये तिला मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि सुमारे १३,००० नियतकालिकं. सुरुवात केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांपासून झाली. आपल्याकडची बहुतेक कॉलेजं खासगी शिक्षणसंस्थांची, अनुदानित. त्यांच्यापर्यंतही ती यावी असं मला मनापासून वाटतं. जतच्या मुलाची गरज सरकारी कॉलेजातल्या मुलापेक्षा कमी नाही.

"इंग्रजीच येत नाही, मग कसला शोध?"

माण, खटाव, आटपाडीकडून येणारी निम्मी मुलं इथं थांबतात. त्यांना मी मराठी विश्वकोशापासून सुरुवात करायला सांगते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून हे काम उभं केलं, पहिला खंड १९७६ मध्ये आला, आता सगळे खंड ऑनलाइन फुकट आहेत. नोंद आधी मराठीत वाचून विषय पक्का करायचा. तिथं भेटणारे इंग्रजी पारिभाषिक शब्द वहीत उतरवायचे. नोंदीखाली संदर्भ असतील तर तेही. मग इंग्रजी निबंधाचा सुरुवातीचा सारांश, तेवढाच, शब्दकोश घेऊन वाचायचा. पहिल्या निबंधाला तास लागतो, पाचव्याला वीस मिनिटं.

"पोर्शनच पुरा होत नाही, यासाठी वेळ कुठला?"

हा प्राध्यापकांचा आक्षेप, आणि तो खरा आहे. म्हणूनच वेगळा पेपर, वेगळी परीक्षा नको. जे काम वर्गात द्यायचंच आहे, त्यालाच हे जोडा. सुटा दिलेला तास मुलं विसरतात, गरज पडल्यावर दिलेला विसरत नाहीत.

आम्ही तीन वर्षांपासून दोन विषयांत हे करतो. काम दिल्यावर त्याच आठवड्यात एक तास वर्ग ग्रंथालयात भरतो, प्राध्यापक आणि मी दोघं असतो. मुलांना एकच पान भरायचं असतं, त्याला आम्ही शोधवही म्हणतो: माझा प्रश्न काय, कुठले शब्द टाकले, कुठं काही मिळालं नाही, मग काय बदललं. वीसपैकी पाच मार्क या पानाला, आणि ‘मिळालं नाही’ हा रकाना रिकामा असेल तर मार्क कापतात. पहिल्या झटक्यात सगळं मिळालं असं लिहिणाऱ्यानं बहुधा शोधलेलंच नसतं. प्राध्यापकांचा वेळ एक तास जातो. चार पानांचे साठ एकसारखे लेख तपासण्याचा वेळ वाचतो, असं त्यांनीच मला सांगितलं. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले, त्यातला चौथा ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असा आहे.

पहिल्याच वर्षी का, तर तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट अंगावर येतो तेव्हा मूल घाबरलेलं असतं आणि झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतो हे त्याला कळलेलं असतं.

त्या वाळव्याच्या मुलानं चार पानांऐवजी नऊ पानं लिहिली. शोधवहीत ‘मिळालं नाही’च्या रकान्यात सहा ओळी होत्या. पंधरा दिवसांनी तो पुन्हा टेबलाशी आला, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद घेऊन. त्याच्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, १९५६ सालचा. मला दाखवायचा म्हणून आईकडून मागून आणला होता. शाई फिकट झालेली, पण जिल्ह्यापुढचा शब्द वाचता येत होता: द. सातारा.

"मॅडम," तो म्हणाला, "हे घरातच होतं की. आता आजोबांना विचारायचंय, नाव बदललं तवा गावात काय बोलणं झालं हुतं. ते कुठल्या पुस्तकात मिळंल?"

मी त्याला एक कोरी शोधवही दिली.